झेरॉक्स, ओटीपी आणि गेटवरची नोंद: वाचकांचे प्रश्न

डिजिटल खासगीपणाबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: माझी माहिती बाहेर गेली, आता काय करू? नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतक्या ठिकाणी देऊन बसलो आहोत की ही माहिती गुप्त आहे असे धरून चालणे धोक्याचे ठरेल. म्हणून माहिती लपवायची कशी यावर इथे फारसे लिहिलेले नाही. बाहेर गेलेल्या माहितीच्या जोरावर कुणाला काय करता येते आणि ते कुठे अडवायचे, यावर जास्त जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न: सिमकार्ड, गॅस, लॉज, बचत गट, सगळीकडे आधारची झेरॉक्स देऊन ठेवली आहे. नंबर कुणाला कळला तर बँकेतले पैसे जातील का? भाची म्हणते अंगठा लॉक करा. पण रेशन तर अंगठ्यावरच मिळते. (निवृत्त शिक्षिका, मिरज)

नुसत्या आधार क्रमांकावर पैसे निघत नाहीत. त्याच्या जोडीला तुमच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो, नाहीतर तुमचे बोट, बुबुळ किंवा चेहरा. ठग नेमके बोटाच्या वाटेने येतात. गावोगावच्या ग्राहक सेवा केंद्रांत एईपीएस नावाची सोय चालते. तिथे बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत रोख काढता येते. पिन नाही, ओटीपी नाही. ज्या गावात एटीएम नाही तिथल्या म्हाताऱ्या माणसांना याचा मोठा आधार आहे, त्यामुळे ही सोयच वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पण जमीन-घराच्या दस्तांवर अंगठ्याचे ठसे आणि आधार क्रमांक शेजारी शेजारी सापडतात. अशा दस्तांच्या स्कॅन प्रती उतरवून, त्यांवरून सिलिकॉनसारख्या पदार्थाचे ठसे बनवून पैसे काढल्याची प्रकरणे अनेक राज्यांतल्या पोलिसांनी उघड केली आहेत. तेव्हा झेरॉक्सची काळजी नंतर, अंगठ्याची आधी.

भाचीचे म्हणणे बरोबर आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या मायआधार पोर्टलवर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये ओटीपीने आत गेलात की 'लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स' हा पर्याय दिसतो. लॉक केल्यावर बोट, बुबुळ, चेहरा तिन्ही बंद होतात. ओटीपीवरची ओळख मात्र चालू राहते. रेशन घ्यायच्या दिवशी कुलूप तात्पुरते उघडता येते आणि दहा मिनिटांनी ते आपोआप बंद होते, म्हणून घरून उघडून निघू नका. रांगेत तुमचा नंबर आला की उघडा. उघडायला विसरलात तर मशीनवर ३३० हा एरर कोड येतो. बोटाचे ठसे झिजल्याचा याच्याशी काही संबंध नाही, कुलूप लागलेले आहे एवढाच त्याचा अर्थ. दुकानदार मात्र 'तुमचा थंब लागत नाही' म्हणून परत पाठवू शकतो, तेव्हा कोड स्वतः वाचा.

हे सगळे आधारला जोडलेला मोबाइल तुमच्या हातात असेल तर. ज्या आजी-आजोबांकडे फोन नाही किंवा वापरता येत नाही, त्यांना लॉक करून देऊ नका. रेशन आणि पेन्शनसाठी दर महिन्याला अडून बसतील. त्यांच्यासाठी बँकेच्या शाखेत 'माझ्या खात्यावर एईपीएसने पैसे काढण्याची सोय बंद करा' असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अनेक बँका ही सोय बंद करून देतात. रेशनच्या अंगठ्यावर त्याचा परिणाम होत नाही, कारण दोन्ही व्यवस्था वेगळ्या आहेत.

मायआधारवरच 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' पाहा. गेल्या सहा महिन्यांत तुमचे आधार कुठल्या संस्थेने, कोणत्या तारखेला, बोटाने की ओटीपीने तपासले ते तिथे दिसते. एका वेळी पन्नास नोंदी येतात. तुम्ही रेशन घेतले नाही, बँकेत गेला नाहीत आणि तरी त्या दिवशीची बोटाची नोंद असेल तर त्या नोंदीचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि १९४७ या आधारच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता झेरॉक्स. पोर्टलवरून आधार उतरवताना 'मास्क्ड आधार'च्या चौकटीत खूण केली की पहिले आठ अंक झाकलेली प्रत मिळते. फाइल उघडायला पासवर्ड म्हणून नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरे आणि त्यांना जोडून जन्मवर्ष टाकायचे. एक लक्षात ठेवा: या प्रतीत क्रमांक झाकला जातो, पत्ता आणि जन्मतारीख तशीच दिसते. कार्डाच्या झेरॉक्सवर पेनाने आकडे खोडणे मात्र जुन्या कार्डांच्या बाबतीत पुरेसे नाही, कारण सुरुवातीच्या वर्षांतल्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण बारा आकडी क्रमांक साध्या मजकुरात असे आणि तो कुठल्याही स्कॅनरने वाचता येतो. नव्या कोडमध्ये शेवटचे चारच अंक असतात. जुनेच कार्ड वापरत असाल तर क्यूआरसुद्धा झाका. कारण आणि तारीख लिहायची ती समासात लिहू नका, छापील मजकुरावरून तिरकी लिहा. समास कापता येतो.

आणि मुळात देणे भाग आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालाने सिमकार्ड आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती काढली. सरकारी अनुदाने आणि पॅनची जोडणी तेवढी कायम राहिली. लॉजवाल्याला मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो.

प्रश्न: दिरांच्या नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेची फाइल आली. यजमानांनी उघडली, काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या नंबरवरून तीच फाइल सगळ्या नातेवाइकांना गेली! पैसे अजून गेलेले नाहीत. फाइल पुसून टाकली. एवढे पुरे का? (अमरावती)

पुरे नाही. तुम्ही पाकीट फेकले, आतले अ‍ॅप फोनमध्येच आहे.

फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असणार. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते; एपीके म्हणजे अँड्रॉइडवर बसवायचे अ‍ॅप. ते बसवताना फोनने 'अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप' असा इशारा दिला असेल आणि यजमानांनी परवानगी दिली असेल. नंतर अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागितली असेल, बहुधा स्वतःचे चिन्हही लपवले असेल. इथून पुढे बँकेचा प्रत्येक ओटीपी ठगाकडे जातो. काही अ‍ॅप तर मेसेजचे मुख्य अ‍ॅप बनून बसतात, म्हणजे पैसे कापल्याचा एसएमएस तुम्हाला दिसतच नाही. 'पत्रिका उघडण्यासाठी' डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख भरायला लावणारा फॉर्म आला होता का, हे यजमानांना विचारा. यूपीआयचा पिन नव्याने ठरवायला नेमके तेच लागते. भरला असेल तर एक मिनिट दवडू नका.

क्रम असा ठेवा. आधी तो फोन विमान मोडवर टाका आणि वायफाय खरोखर बंद झाले आहे का ते पाहा. काही फोनवर ते चालू राहते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३०. ही राष्ट्रीय सायबर फसवणूक हेल्पलाइन आहे. तिथली तक्रार पुढच्या बँकेपर्यंत पोचून रक्कम गोठवता येते, पण ठग ती रक्कम खात्यामागून खाते अशी भराभर फिरवतो, त्यामुळे इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशेब असतो.

त्यानंतर फोनची सफाई. सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स'ची पूर्ण यादी उघडा. नाव नसलेले, किंवा 'सिस्टिम सर्व्हिस', 'इन्व्हिटेशन' असल्या नावाचे अ‍ॅप शोधा. ते निघत नसेल तर 'डिव्हाइस अ‍ॅडमिन', 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' आणि 'नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस' या तीन ठिकाणी त्याला दिलेले अधिकार आधी काढा. तरी निघेना तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा, तिथे बाहेरून बसवलेली अ‍ॅप चालत नाहीत. मुख्य मेसेज अ‍ॅप कोणते आहे ते तपासा. विमान मोड काढल्यावर डायलवर ##००२# दाबा, म्हणजे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील तर ते बंद होतील. ओटीपी फोनवर बोलूनही सांगितला जातो, म्हणून हे महत्त्वाचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर त्याला बाहेर काढा आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावा.

हे सगळे करूनही आमचा सल्ला फोन पूर्ण फॅक्टरी रीसेट करण्याचाच आहे. फोटो आणि संपर्क आधी काढून घ्या, पण रीसेटनंतर जुन्या बॅकअपमधून अ‍ॅप परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक नव्याने घ्या. पासवर्ड बदलायचे ते सफाईच्या आधी दुसऱ्या फोनवरून. त्याच फोनवरून बदललेत तर नवा पासवर्डही तिकडे जाईल.

पैसे गेले तर नुकसान कुणाचे? रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये चौकट घालून दिली. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत बोजा. ओटीपी किंवा पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. एपीकेच्या प्रकरणात बँक 'तुम्हीच परवानगी दिलीत' असा पवित्रा घेते आणि वाद होतो. म्हणून फोनवर सांगून थांबू नका, त्याच दिवशी शाखेत लेखी द्या आणि वेळेसह पोच घ्या.

दिरांनाही कळवा. त्यांचा फोनही आधी असाच गेलेला असणार. या प्रकारात ठगाचे सगळे भांडवल ओळखीच्या नावावरचा विश्वास हेच आहे, आणि आपल्याकडे लग्नाच्या हंगामात पत्रिका न उघडणे म्हणजे अपमान. ई-चलनाच्या नावानेही हेच चालते. चलन खरे आहे का हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून पाहता येते. त्यासाठी कुठलीही फाइल उतरवावी लागत नाही.

प्रश्न: घरात मिक्सर बिघडल्याचे बोलणे झाले आणि तासाभरात फोनवर मिक्सरच्या जाहिराती. फोन ऐकतो का? (नाशिक)

सतत आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवणारी अ‍ॅप सापडतात का, हे अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासून पाहिले. चोरून आवाज पाठवणारे एकही सापडले नाही. काही अ‍ॅप स्क्रीनचे चित्रण मात्र बाहेर पाठवत होती, आणि त्याची चर्चा कमीच झाली.

जाहिरातवाल्याला ऐकण्याची गरज नसते. बोलणे झाल्यावर घरातल्या कुणीतरी त्याच वायफायवर मिक्सरची किंमत पाहिलेली असते, दुरुस्तीवाल्याचा नंबर शोधलेला असतो. एका घरातले फोन एकाच इंटरनेट जोडणीवरून ओळखता येतात. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'जाहिराती' या भागात जाऊन 'अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' पुसता येतो, आयफोनवर 'ट्रॅकिंग'ची परवानगी बंद करता येते. जाहिराती थांबणार नाहीत, त्या नेमक्या तुमच्या मिक्सरच्या नसतील. मायक्रोफोनची शंका असेलच तर अँड्रॉइड १२ पासून 'प्रायव्हसी डॅशबोर्ड'मध्ये गेल्या चोवीस तासांत कुठल्या अ‍ॅपने माइक वापरला ते वेळेसकट दिसते.

प्रश्न: आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीत गेटवर अ‍ॅप आले. घरकामाच्या मावशींचा फोटो, आधार, येण्या-जाण्याच्या वेळा, वर सदनिकाधारकांनी दिलेले तारे. एका मावशीला कमी तारे म्हणून तीन घरांनी काढले. दुसरीकडे जिन्यातल्या कॅमेऱ्यांवरून भांडणे आहेत. नियम काय आहेत? (समिती सदस्य, ठाणे)

कायद्यापासून सुरू करू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना, माहिती पुसणे यांसारखी मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्या व्यक्तीला त्यात सूट आहे, पण सोसायटी ही व्यक्ती नव्हे. गंमत म्हणजे वॉचमनच्या टेबलावरची दोरा बांधलेली वही या कायद्यात येत नाही. तीच वही अ‍ॅपमध्ये गेली की येते.

कायद्याला मे २०२७ची वाट पाहू द्या, सोसायटीने पाहू नये. मावशींची संमती घेतली असे समिती म्हणेल. पण 'सही कर, नाहीतर उद्यापासून गेटमधून आत नाही' अशा अवस्थेत घेतलेली सही ही संमती नव्हे, हे सभेत कुणीतरी स्पष्ट म्हटले पाहिजे. रोज चार घरची कामे करणाऱ्या बाईची हजेरी शहाण्णव घरांना दिसते, तिला मात्र कुणी काय लिहिले ते दिसत नाही. तिने रजा घेतली की पगारकपातीचा पुरावा तयार. सदनिकाधारकाने पगार महिनाभर लांबवला तर त्याची नोंद कुठेच नाही. ताऱ्यांची सोय बंद करणे हा आमच्या मते पहिला ठराव. तो पर्याय प्रशासकाच्या खात्यात असतो. नसेल तर पुरवठादाराकडून लेखी मागा.

दुसरे, येण्या-जाण्याची नोंद फक्त ज्या घरी ती काम करते त्या घरांना आणि सुरक्षा पर्यवेक्षकाला दिसावी. तिसरे, आधारची प्रत अ‍ॅपमध्ये चढवू नये. ओळखपत्र पाहिले, खातरजमा केली, 'पाहिले' अशी तारखेसह नोंद केली, एवढे पुरते. ओळखपत्राच्या प्रती अ‍ॅपमध्ये साठवल्या तर फुटल्यावर जबाबदारी समितीची. पाहुण्यांच्या नोंदी नव्वद दिवसांनी आणि काम सोडलेल्यांच्या नोंदी महिन्याभरात पुसल्या जाव्यात, असा कालावधी ठरावातच घाला. पुरवठादाराशी करार करताना एक वाक्य असलेच पाहिजे: करार संपल्यावर सर्व माहिती सोसायटीला देऊन तीस दिवसांत त्याच्याकडून पुसली जाईल आणि तसे लेखी दिले जाईल. याशिवाय सदनिकाधारकांचे नंबर जाहिरातींसाठी वापरणार नाही, हेही. फुकट मिळणाऱ्या गेट-अ‍ॅपचा पैसा कुठून येतो, हे विचारायला संकोच करू नका.

कॅमेऱ्यांकडे येऊ. प्रवेशद्वार, लिफ्टची आतली बाजू, पार्किंग, पाण्याच्या टाक्यांची गच्ची ही कॅमेऱ्याची जागा. जिन्यातला कॅमेरा एखाद्याच्या दारातून आतली खोली दाखवत असेल तर तो फिरवा. फिरवता येत नसेल तर रेकॉर्डरमध्ये 'प्रायव्हसी मास्क' नावाचा पर्याय असतो, त्याने चित्राचा तेवढा भाग कायमचा काळा करता येतो. आवाजाचे ध्वनिमुद्रण बंद ठेवा.

किती दिवस साठवायचे याचा हिशेब साधा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा चित्रण दाबून साठवण्याच्या नव्या एच.२६५ पद्धतीने साधारण दोन एमबीपीएस वेगाने नोंदवतो, म्हणजे दिवसाला सुमारे २२ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला पावणेदोनशे जीबीच्या आसपास. चार टीबीच्या डिस्कवर तेवीस-एक दिवस मावतात, मग जुन्यावर नवे लिहिले जाते. चोरी-तोडफोड लक्षात यायला पंधरा दिवस पुरतात. 'असू द्या सहा महिने' म्हणून डिस्क वाढवणाऱ्यांना विचारा, चार महिन्यांपूर्वी कोण कुणाकडे आले हे कुणाला पाहायचे आहे?

सर्वांत मोठा धोका बाहेरून आहे. कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ रेकॉर्डर इंटरनेटला जोडतो, समितीच्या पाच जणांच्या फोनवर चित्र दिसते, आणि पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातले चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामपर्यंत गेल्याचे उघड झाले, तेव्हा तपासात असेच ढिसाळ पासवर्ड समोर आले. तुमच्याकडे आजच करायचे: रेकॉर्डर आणि प्रत्येक कॅमेरा दोन्हींचा पासवर्ड बदला, कारण बहुतेक जण रेकॉर्डरचाच बदलतात. तंत्रज्ञाचे खाते बंद करा. राउटरमधले 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'यूपीएनपी' हे बाहेरच्याला इंटरनेटवरून आत येण्याची वाट उघडणारे पर्याय काढा. समितीतल्या प्रत्येकाला वेगळे खाते द्या, म्हणजे कुणी काय पाहिले त्याची नोंद राहते आणि पद सोडल्यावर तेवढेच खाते बंद करता येते. चित्रण कुणाला द्यायचे तर पोलिसांच्या लेखी मागणीवर, किंवा दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'हा मुलगा कोण' म्हणून फुटेज टाकणे बंद करा. तो मुलगा पुष्कळदा सोसायटीतल्याच कुणाचा तरी भाचा निघतो.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. भारतातला जुना नंबर रिचार्ज न केल्याने बंद पडला. आता त्यावर भलतीच व्यक्ती 'हॅलो' म्हणते. माझे बँकेचे ओटीपी तिला जात असतील का?

बँकेत तोच नंबर असेल तर हो. नव्वद दिवस वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो, आणि बंद झाल्यावर निदान नव्वद दिवसांनी तो नव्या ग्राहकाला दिला जातो. कंपन्यांना नंबर मोजकेच दिलेले असतात, त्यामुळे हे चालूच राहणार. त्या बाईची यात चूक नाही. उलट तुमच्या कर्जांचे आणि विम्याचे फोन तिलाच झेलावे लागत आहेत.

बँकेपासून सुरुवात करा. एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्याला परदेशी नंबर जोडता येतो. त्यासाठी बँकेचा फॉर्म आणि पासपोर्टची साक्षांकित प्रत लागते, काही बँका नेटबँकिंगमधूनही करतात. अमेरिकेतल्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्याचे यूपीआय चालते, पण बँक त्यात सहभागी असली पाहिजे. त्यानंतर ईमेलचा 'रिकव्हरी' नंबर काढा, कारण ईमेल गेले की बाकी सगळ्याचे पासवर्ड बदलता येतात. मग डीमॅट, भविष्यनिर्वाह निधी, आयकर पोर्टल, डिजिलॉकर. आधारला जोडलेला नंबर पुढच्या भारतभेटीत आधार केंद्रावर जाऊन बदला.

ज्यांचा नंबर अजून चालू आहे त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'चेंज नंबर' करूनच सिम सोडावे. नुसते अ‍ॅप काढले तर जुन्या नंबरावरचे खाते कौटुंबिक ग्रुपमध्ये तसेच राहते, आणि नवा ग्राहक त्या नंबरावर नोंदणी करेपर्यंत सगळे तिथे लिहीत राहतात.

प्रश्न: मेहुण्याने कर्जाच्या अ‍ॅपवरून आठ हजार घेतले. वसुलीवाले आता मला रात्री फोन करतात, माझ्या फोटोवर घाणेरडा मजकूर घालून पाठवतात. मी तर जामीनही नाही. (सोलापूर)

तुम्ही जामीन नाही म्हणजे तुमच्याकडे एक रुपयाही निघत नाही; 'थोडे भरून मिटवा' या सूचनेला बळी पडू नका. अ‍ॅप बसवताना मेहुण्याने संपर्कयादीची परवानगी दिली आणि पूर्ण यादी त्याच क्षणी त्यांच्याकडे गेली. आता परवानगी काढली किंवा अ‍ॅप पुसले तरी ती परत येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२च्या डिजिटल कर्जांच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादी, कॉलची नोंद, फोनमधल्या फाइल यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण हे ओळख पडताळण्यापुरते, एकदाच, संमतीने. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना-मित्रांना त्रास देण्यास ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट मनाई आहे. अधिकृत संस्थांच्या कर्ज-अ‍ॅपची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. मेहुण्याचे अ‍ॅप त्यात आहे का पाहा. असेल तर त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. यादीत नसेल तर रिझर्व्ह बँकेचे 'सचेत' हे तक्रार पोर्टल आणि पोलीस.

फोटोच्या प्रकरणात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. संताप येतो म्हणून चॅट पुसू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, व्हॉट्सअ‍ॅपची चॅट 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, मगच ब्लॉक करा. ओळखीच्यांना दोन ओळींचा संदेश आधीच पाठवा: माझा बनावट फोटो येऊ शकतो, तक्रार केली आहे, पैसे मागितले तर देऊ नका. धमकीची धार यानेच सर्वांत लवकर बोथट होते.

मेहुण्याने पॅन आणि सेल्फी दिलेली आहे, तेव्हा त्याने आपला क्रेडिट रिपोर्ट मागवावा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांना वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. आकड्याकडे पाहून पान मिटू नये. 'एन्क्वायरी'च्या भागात न मागितलेल्या कर्जाची चौकशी दिसली तर तिथेच हरकत नोंदवावी. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

प्रश्न: कपड्यांच्या दुकानात मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणतात. खरे का? (कोल्हापूर)

नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे की नंबरसाठी ग्राहकाला अडवू नये. बिलाच्या संगणकात तो रकाना रिकामा सोडता येतो, किंवा दुकानाचाच नंबर टाकता येतो. काउंटरवरच्या मुलाला हे ठाऊक असते, पण दिवसाला किती नंबर गोळा केले याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. त्याच्याशी भांडू नका, 'नंबर नाही, छापील बिल द्या' एवढे म्हणून थांबा. जाहिरातींचे एसएमएस आधीच सुरू झाले असतील तर १९०९ वर नोंदणी करून ते बंद करता येतात. मात्र दुकानाच्या सवलत योजनेत तुम्ही स्वतः सही केली असेल तर ती आधी रद्द करावी लागेल, कारण दिलेली संमती त्या नोंदणीपेक्षा वरचढ धरली जाते.